दोन पासबुके आणि एक गुलाबी शहर

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूस बसणाऱ्याला माणसांचे व्यवसाय प्रथम दिसतात ते आकड्यांच्या रूपाने. किराणा दुकानदाराच्या खात्यात रोज संध्याकाळी थोडी थोडी रोकड भरली जाते, पगारदाराचे खाते एक तारखेला भरते आणि वीस तारखेला आटते, शेतकऱ्याचे खाते हंगामाची वाट पाहत असते. काही वर्षांच्या सवयीने खात्याचा उतारा वाचूनच खातेदार काय करीत असावा याचा अंदाज बांधता येतो. परंतु २०१८ च्या दिवाळीपूर्वी, जयपूर शाखेत माझ्या नियुक्तीला वर्ष होऊन गेल्यावर, एका बचत खात्याने मला बुचकळ्यात टाकले. खातेदार एक गृहिणी. एरवी घरखर्चापुरती उलाढाल. आणि अचानक सव्वा महिन्यात विटा, आटपाडी, कराड अशा ठिकाणांहून चौदा निरनिराळ्या व्यक्तींनी कुणी पाच हजार, कुणी दहा हजार असे पैसे जमा केलेले!

संशय घेणे हा आमच्या नोकरीचाच एक भाग आहे. चौकशीचा दूरध्वनी करावा असे मी ठरवीत होतो, तोच त्या बाई स्वतःच शाखेत आल्या. हातात कापडी बटवा, बटव्यात सोन्याच्या दोन पाटल्या. "साहेब, यावर किती मिळतील?" त्यांनी विचारले. मी अस्सल मराठीत उत्तर दिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले, ते परमुलखात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे असेल.

त्या वहिनींचे नाव येथे देत नाही. ग्राहकाची गोपनीयता आम्हांस पाळावीच लागते. तथापि घरबसल्या पर्यटन-व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या अनेक ग्राहकांचे, विशेषतः गृहिणींचे आणि नुकत्याच निवृत्त झालेल्यांचे, प्रश्न माझ्यापुढे येत असतात. त्या प्रत्येक वेळी मला त्या दोन पाटल्या आठवतात. म्हणून हा लेख.

पाहुण्यांपासून पर्यटकांपर्यंत

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा भाग दुष्काळी. तेथील कित्येक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायात पिढ्यान्पिढ्या देशभर विखुरली आहेत. जेथे सराफ बाजार आहे तेथे मराठी गलाईवाला सापडणारच, अशी त्यांची ख्याती आहे. जयपूर तर रत्ने आणि दागिने यांची मोठी पेठ. वहिनींच्या यजमानांचे गलाईचे छोटेसे दुकान जोहरी बाजाराच्या एका गल्लीत आहे आणि घर मानसरोवर वसाहतीत.

गावाकडून कुणी उत्तरेच्या यात्रेस निघाले की जयपूरला यांच्याकडे उतरणार, हे ठरलेलेच. वहिनी पाहुण्यांना हवामहल दाखवीत, बापू बाजारात रजया घेऊन देत, रिक्षावाल्याशी घासाघीस करीत. संध्याकाळी घरी बाजरीची भाकरी आणि पिठले. दहा वर्षे हे चालले. मग एका पाहुण्यांनी परत गेल्यावर शेजाऱ्यांना सांगितले, शेजाऱ्यांनी आपल्या नातलगांना सांगितले, आणि एके दिवशी अगदी अनोळखी गृहस्थांचा दूरध्वनी आला : "आम्ही सात जण आहोत. तुमचे काय पैसे होतील ते सांगा."

हा 'काय पैसे होतील' प्रश्न ज्या दिवशी विचारला जातो, त्या दिवशी पाहुण्याचा पर्यटक होतो आणि घराचे कार्यालय. वहिनींना हा बदल कळला, पण त्यामागचा हिशेब कळला नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. घरातून चालणाऱ्या व्यवसायात घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात पडतो, आणि डबा भरलेला दिसला की माणूस निर्धास्त होतो. डिसेंबरच्या सहलीसाठी चौदा जणांनी इसार पाठविला. त्याच सुमारास मुलीच्या शिकवणी वर्गाची साठ हजारांची फी भरावयाची होती. खात्यात पैसे होते. त्यांनी भरून टाकली. पंधरा दिवसांनी हॉटेलने उर्वरित रकमेची मागणी केली, तेव्हा खाते रिकामे!

पाटल्यांवर सुवर्णतारण कर्ज दिले गेले, सहल पार पडली, कुणाला काही कळले नाही. कर्ज फिटल्यावर वहिनी पाटल्या सोडवून नेण्यास आल्या, तेव्हा मी त्यांना बसवून घेतले आणि कागद-पेन्सिल पुढे केली.

रुपयातले पंधरा पैसे

तो कागद येथे पुन्हा मांडतो. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. हंगाम आणि हॉटेलचा दर्जा यांनुसार ते बदलतील.

बारा जणांचा गट, पाच दिवस, जयपूर आणि पुष्कर. प्रत्येकी १४,००० रुपये, म्हणजे एकूण १,६८,००० रुपये. आता जावक पाहा. सहा खोल्या, चार रात्री, २,५०० रुपये दराने ६०,०००. टेम्पो ट्रॅव्हलर पाच दिवस, ३५,०००. दोन वेळचे जेवण माणशी रोज ६०० रुपये धरून ३६,०००. वाटाड्या, प्रवेश तिकिटे, पाण्याच्या बाटल्या असे किरकोळ १२,०००. बेरीज १,४३,०००. उरले २५,००० रुपये.

म्हणजे आलेल्या प्रत्येक रुपयातले पंच्याऐंशी पैसे हॉटेलवाल्याचे, चालकाचे, आचाऱ्याचे. आपले फक्त पंधरा. गटाने निम्मी रक्कम, ८४,००० रुपये, दोन महिने आधी पाठविली की खाते फुगलेले दिसते. पण सहल सुरू झालेली नाही, तोवर त्यातला एक पैसाही आपला नाही. सहल रद्द झाली तर पर्यटकाचा, पार पडली तर पंच्याऐंशी टक्के इतरांचा. हिशेबशास्त्राच्या पहिल्याच धड्यात हे शिकवितात : ग्राहकाकडून मिळालेली आगाऊ रक्कम ताळेबंदात उत्पन्न म्हणून नव्हे, देणे म्हणून दाखवावयाची. एम.कॉम. होऊन बँकेत आलेल्या माणसाला हे तोंडपाठ असते. पाटल्या तारण ठेवून ते शिकावे लागलेल्या वहिनींना मात्र ते माझ्याहून अधिक खोलवर समजले आहे, असे मला वाटते.

उपाय साधा होता. बचत खाते व्यवसायासाठी वापरू नये, हा नियम तर होताच. व्यवसायाच्या नावाने दोन चालू खाती उघडली. एकाला त्या 'सहलीचे' म्हणतात, दुसऱ्याला 'घरचे'. पर्यटकाकडून येणारा प्रत्येक रुपया सहलीच्या खात्यात. हॉटेल, गाडी, जेवण यांची बिले फक्त त्यातूनच. गट सुखरूप घरी पोहोचला आणि शेवटचे बिल चुकते झाले की जे उरेल तेवढेच दुसऱ्या खात्यात वळवावयाचे. मोबाइलवर पैसे स्वीकारण्याचा क्यूआर कोडही सहलीच्या खात्याचाच. खाते उघडण्यास मालकीच्या व्यवसायाचे दोन पुरावे लागतात. तेव्हा उद्योग आधार चाले. १ जुलै २०२० पासून त्याची जागा उद्यम नोंदणीने घेतली आहे. ती विनामूल्य आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

आता कराविषयी थोडे. येथे नवखा माणूस हमखास फसतो. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. "आमचा नफा तर दोन-तीन लाखांचा, आम्हांला कसला कर?" असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु उलाढाल म्हणजे नफा नव्हे. जो स्वतःच्या नावाने संपूर्ण सहल विकतो तो सहल-संयोजक, आणि त्याची पूर्ण बिलाची रक्कम उलाढालीत धरली जाते. वरच्या उदाहरणातील बारा सहली झाल्या की २०,१६,००० रुपये होतात, म्हणजे बाराव्याच सहलीला उंबरठा ओलांडला! नफा अवघा तीन लाख. संयोजकास संपूर्ण बिलावर पाच टक्के कर लागतो आणि हॉटेल-जेवणावर भरलेल्या कराची वजावट साधारणपणे मिळत नाही. तो आधीच दरात सांगितला नाही तर १,६८,००० रुपयांत आठ हजार कराचे निघतात आणि पंचवीस हजारांचे सतरा होतात. शिवाय सेवेच्या बाबतीत हा कर इसार हाती पडतो तेव्हाच देय ठरतो, सहल संपल्यावर नव्हे.

याउलट जो हॉटेलचे आरक्षण करून देतो आणि हॉटेलकडून केवळ दलाली घेतो, तो अभिकर्ता. त्याची उलाढाल म्हणजे दलालीची रक्कम. कराचा दर मात्र १८ टक्के. आपण यांपैकी कोण आहोत हे पहिल्या दिवशीच ठरवावे आणि पावतीही त्याप्रमाणेच करावी. परदेशी सहलींवर कर गोळा करण्याचे नियम निराळे आहेत व ते वारंवार बदलले आहेत. नवख्याने त्या वाटेला सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

विमान आणि रेल्वेची तिकिटे काढून देणे हाच पर्यटन-व्यवसाय, अशी अजूनही पुष्कळांची समजूत आहे. ती जुनी झाली. प्रमुख विमान कंपन्यांनी तिकिटांवरील दलाली २००८ च्या सुमारासच बंद केली. रेल्वेची तिकिटे तर लोक स्वतःच मोबाइलवर काढतात. स्वतःच्या वैयक्तिक ओळखपत्रावर इतरांची तिकिटे काढून ती नफ्याने विकणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खालील गुन्हा आहे, त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे घरून काम करू इच्छिणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावे. अधिकृत अभिकर्ता व्हावयाचे असल्यास त्याची रीतसर व्यवस्था आहे. वहिनी त्या फंदात पडल्या नाहीत. त्या फक्त तारीख सांगतात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, आणि त्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांचा दूरध्वनी प्रत्येक गटप्रमुखाला गेलेला असतो.

मे महिन्याचे कोडे

मराठी कुटुंबाला लांबच्या प्रवासाची सवड दोनदा मिळते : दिवाळीत आणि मे महिन्यात. जयपूरचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी बारानंतर आमेरच्या दगडी चौकात पाय ठेवणेही नकोसे होते. म्हणजे ज्या काळात गिऱ्हाईक मोकळे, त्या काळात माल विकण्याजोगा नाही! घरभाडे, शाळेची फी, विजेचे बिल बारा महिने. आवक सहा महिने. पहिल्या वर्षी वहिनींनी मे महिन्यातही एक गट आणला. दोन आजोबांना उन्हाचा त्रास झाला आणि एक दिवस हॉटेलातच गेला. त्यानंतर त्यांनी मे महिना बंद केला. दर सहलीतून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आवर्ती ठेवीत टाकावयाचा आणि उन्हाळ्यात त्यावर घर चालवावयाचे, ही त्यांची स्वतःची योजना. मी सुचविलेली नव्हे.

हंगामातही तारखा पाहाव्या लागतात. येथे लग्नाचे मुहूर्त आले की शहरातील हॉटेले वऱ्हाडांनी भरतात. त्यातच जयपूर हे देशभरातील धनिकांचे लग्न लावण्याचे आवडते ठिकाण. २००६ पासून जयपूर साहित्य महोत्सव भरू लागला. त्या दिवसांतही खोल्यांचे दर चढतात. रणथंबोरच्या अभयारण्याचे मुख्य विभाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतात. दर सांगण्यापूर्वी पंचांग आणि दिनदर्शिका दोन्ही उघडून बसावे, असे वहिनी म्हणतात ते यासाठीच.

मिर्झाराजांचे आमेर

आता मला खरोखर आवडणारा भाग. केसरी पाटील हे शिक्षकी पेशातून आलेले गृहस्थ. त्यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड उभी केली. मराठी माणसाला सहकुटुंब, आखीव आणि आपल्या जेवणाच्या सोयीसह देश-परदेश दाखविणाऱ्या अशा मोठ्या संस्था असताना मानसरोवरमधील एका गृहिणीकडे कुणी का यावे? दराच्या स्पर्धेत तिचा टिकाव लागणार नाही, हे उघड आहे. जो शंभर खोल्या घेतो त्याला हॉटेल जो भाव देईल तो सहा खोल्या घेणाऱ्याला देणार नाही.

याचे उत्तर मला एका गटाबरोबर आमेरला गेलो तेव्हा मिळाले. वाटाड्या नेहमीप्रमाणे मानसिंहाची कथा सांगत होता, शीशमहालात एका ज्योतीच्या हजार ज्योती कशा दिसतात याचे वर्णन करीत होता. मंडळी माना डोलावीत होती. मग वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हा गणेश पोळ आणि हा शीशमहाल ज्यांनी बांधला, ते कोण माहीत आहे का? मिर्झाराजे जयसिंग. पुरंदरचा तह ज्यांनी केला, ते." क्षणभर शांतता पसरली. जून १६६५ मध्ये ज्यांच्यापुढे शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्या माणसाच्या घरात आपण उभे आहोत, हे तेथील प्रत्येकाला एकदम जाणवले. वहिनी पुढे सांगत गेल्या : आग्ऱ्याला महाराजांच्या सुरक्षेची हमी मिर्झाराजांनी दिली होती, ती निभावण्याचे काम त्यांचे पुत्र रामसिंग यांच्यावर आले, आग्ऱ्याहून आमेर दरबारच्या माणसांनी त्या १६६६ च्या दिवसांची हकीकत राजस्थानी बोलीत पत्रांनी कळविली, ती पत्रे जयपूर दरबारच्या दप्तरात टिकून राहिली आणि इतिहासकारांना महाराजांच्या आग्रा-भेटीचे बारीक तपशील त्यांतूनच मिळाले. मिर्झाराजे पुढच्याच वर्षी दक्षिणेतून परतताना बुऱ्हाणपूरला वारले. एक निवृत्त मुख्याध्यापक तेथेच पायरीवर बसले आणि त्यांनी आणखी अर्धा तास मागून घेतला. वेळापत्रक बिघडले, पण वहिनी घाई करीत नाहीत. त्यांच्या गटात बाराचौदाच माणसे का, हे मला तेव्हा उमगले.

त्यांना हे सारे पुस्तके वाचून जमवावे लागले. शाळा दहावीपर्यंतच झालेली. पण पर्यटकाला काय हवे हे त्या नेमके ओळखतात. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी जयपूर वसविले हे सांगताना त्या 'सवाई' म्हणजे सव्वा, इतरांहून पाव हिश्श्याने अधिक, हे जोडतात आणि सवाई माधवरावांची आठवण करून देतात. संगीतप्रेमी गट असला तर जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ हे जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्याचे, आणि तेच पुढे कोल्हापूर दरबारचे गायक झाले, ही गोष्ट निघते. जंतरमंतरला मात्र त्या सरळ परवानाधारक वाटाड्या घेतात. "ते गणित मला नाही उलगडत," असे त्या मोकळेपणाने सांगतात.

व्यावहारिक बारकावेही याच जातीचे. आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगड यांचे एकत्रित तिकीट मिळते आणि ते दोन दिवस चालते. सिटी पॅलेस आणि जयगड यांत धरलेले नाहीत, त्यांचे तिकीट निराळे. ज्येष्ठांना आमेरला जीपने वर न्यावे. दाल-बाटी-चुरमा एका जेवणाला, तोही दुपारी. तिसऱ्या रात्री वरण-भात आणि लिंबाची फोड. "तिसऱ्या दिवशी प्रत्येक मराठी माणूस वरण-भातासाठी हळवा होतो," हे वहिनींचे निरीक्षण मी स्वतःवर पडताळून पाहिले आहे! घरचे जेवण पैसे घेऊन द्यावयाचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. ती त्यांनी केली.

पाडव्याचा दिवस

२३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक ही कंपनी कर्जाच्या भाराखाली कोसळली. ५ जुलै १८४१ रोजी लेस्टर ते लाफबरो अशी एक शिलिंगची आगगाडीची सहल सुमारे पाचशे लोकांना घडवून ज्या गृहस्थाने हा धंदा उभा केला, त्याच्या नावाची कंपनी १७८ वर्षांनी एका रात्रीत बंद झाली. सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने मायदेशी आणले. भारतातील त्याच नावाच्या कंपनीची मालकी निराळी, तिला धक्का बसला नाही. परंतु १७५८ पासूनची परंपरा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज ही आपल्याकडील कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ब्रिटनमध्ये सहलीच्या पैशाला कायद्याने संरक्षण आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे, दाद मागता येते. पण पर्यटकाचा इसार वेगळा ठेवावा अशी सक्ती नाही. ते संयोजकाच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे. त्या बातमीचे कात्रण मी वहिनींना दाखविले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, "यांचे दुसरे खाते नव्हते का?"

मला हसू आले. सहा महिन्यांनी ते हसू मावळले.

मार्च २०२० च्या पहिल्याच आठवड्यात जयपुरात एक इटालियन पर्यटक कोरोनाबाधित आढळला आणि शहरातील पर्यटन देशाच्या आधीच थबकले. वहिनींच्या दोन सहली ठरलेल्या होत्या, एक पाडव्याच्या सुमारास आणि एक त्यानंतर लगेच. मिळून सव्वीस जण. इसार १,९०,००० रुपये. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस उजाडला. शाखा उघडी होती. बँका बंद नव्हत्या. मी तोंडाला पट्टी बांधून बसलो होतो. दूरध्वनी वाजला. "साहेब, सहलीच्या खात्यात किती आहेत?"

१,४२,००० रुपये होते. ४८,००० हॉटेलला आधीच दिले होते, आणि हॉटेलने 'पुढच्या वर्षी वापरा' असे कळविले होते. त्या काळी सगळीकडे हेच चालले होते. विमान कंपन्यासुद्धा रोख परताव्याऐवजी पुढील प्रवासासाठीची नोंद देत होत्या. शेवटी १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्याविषयी निर्णय द्यावा लागला. वहिनींना कायद्याने आणि रिवाजाने थांबता आले असते. "हॉटेल देईल तेव्हा देऊ" असे म्हणणे मुळीच गैर ठरले नसते. त्यांनी घरची एक मुदत ठेव मोडली, त्यातून ४८,००० सहलीच्या खात्यात टाकले आणि एप्रिलअखेर सव्वीसच्या सव्वीस जणांना पूर्ण पैसे परत पाठविले. ठेव मुदतपूर्व मोडल्याने व्याजाचे नुकसान झाले ते वेगळेच. मी त्यांना तसे न करण्याचा सल्ला दिला होता, हे येथे कबूल करतो.

पुढची दीड वर्षे त्या खात्यावर जवळजवळ काही घडले नाही. यजमानांचे दुकान चालले म्हणून घर चालले. या व्यवसायावर एकट्यावर संसार अवलंबून असता तर काय झाले असते, ते सांगवत नाही. घरून सुरू करणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे घरात दुसरे उत्पन्न असू द्यावे, असे मी सांगतो ते यामुळेच. २०२१ च्या हिवाळ्यात पहिला गट आला. त्या सव्वीसपैकी एकवीस जण पुढील दोन हंगामांत आले आणि येताना आणखी माणसे घेऊन आले.

कर्ज कशासाठी?

या लेखाचा वाचक बँकेचा ग्राहक असल्याने कर्जाविषयी विचारणारच. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज नीट फेडलेल्यांस आता वीस लाखांपर्यंतही. संगणक, छपाई यंत्र, चांगला दूरध्वनी एवढ्यासाठी शिशु गट पुरेसा होतो. वाहनासाठीचा विचार तीन हंगाम पाहिल्याशिवाय करू नये. भाड्याची गाडी मे महिन्यात हप्ता मागत नाही.

२०१९ मध्ये मी वहिनींना मुख्य रस्त्यावर एक गाळा भाड्याने घेऊन, कर्ज काढून, फलक लावून 'व्यवस्थित' धंदा करा, असे आग्रहाने सुचविले होते. शाखेचे कर्जवाटपाचे उद्दिष्ट माझ्या डोळ्यांसमोर होते, हे आज लिहिण्यास हरकत नाही. त्यांनी दोन दिवस विचार करून नकार दिला. "गाळा घेतला की रोज उघडावा लागेल, आणि गिऱ्हाईक तर फोनवरच येते." २०२० साली तो गाळा असता तर मी त्यांच्या थकीत कर्जाच्या यादीवर सही करीत बसलो असतो.

२०२१ मध्ये माझी बदली महाराष्ट्रात झाली. २०२५ च्या जानेवारीत आई-वडिलांना जयपूर दाखविण्याचे ठरविले, तेव्हा मी रीतसर वहिनींकडे नाव नोंदविले, इसार पाठविला आणि दोन मिनिटांत पावती आली : रक्कम, तारीख, सहल रद्द झाल्यास किती दिवस आधी कळविल्यास किती परत मिळेल, हे सारे एका पानात, मराठीत. आमच्या गटात तेरा जण होते. आमेरला वडील गणेश पोळापाशी बराच वेळ उभे राहिले.

तिसऱ्या रात्री वरण-भात जेवताना वहिनी म्हणाल्या की गावाकडच्या एका शाळेने बेचाळीस जणांची सहल विचारली होती, पुढच्याच महिन्यात. नाही म्हणून सांगितले. मी चकित झालो. एका फेरीत तीन महिन्यांची कमाई! त्या म्हणाल्या, "बसवाला आणि हॉटेल दोघांनाही आठवड्याच्या आत निम्मे पैसे हवे होते. शाळा देणार निघायच्या आदल्या दिवशी. मधले कुठून आणायचे? खात्यात होते, पण ते तुमचे होते." एवढे बोलून त्या लिंबाच्या फोडी आणावयास आत गेल्या.